धुऱ्यावरचे झाड कोणाचे?



सातबाऱ्यावर नाव आपले, म्हणून धुऱ्यावरचे झाड तोडायला आपण मोकळे आहोत का? आपल्या आंजीत हा प्रश्न पुस्तकातला नाही. आपल्याच जिल्ह्यातील बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. पण वाघ सरकारी हद्द पाहून चालत नाही. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना तो नाल्याकाठच्या झुडपांतून, खासगी शेतांतून जातो. रानडुकरे आणि रोहीही त्याच आडोशाने येतात आणि हाताशी आलेले पीक एका रात्रीत लोळवतात.

२०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ ‘श्रीनिवास’ हा वाघ शेताच्या वीजतारेला लागून मेला. अशी तार लावणे गुन्हाच आहे. तिने माणसेही मरतात. पण केवळ दोष देऊन आपण सुटत नाही. वाघ वाचावा असे सर्वांना वाटते, जागल मात्र एकटा शेतकरी करतो. सर्वांच्या भल्याचा भार एकाच्याच खांद्यावर, हा कुठला न्याय? सरकारी भरपाई मिळते ती पीक गेल्यावर. झाड राखल्याबद्दल काय मिळते?

कोकणात बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. तेथे संगमेश्वर परिसरात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ने जमीनमालकांशी करार केले: ठरावीक वर्षे जंगल तोडायचे नाही, त्याबद्दल मोबदला घ्यायचा. धनेश पक्षी जुन्या वृक्षांच्या ढोलीत घरटे करतो. लाकडाचा पैसा एकदाच मिळतो. उभ्या बेहड्याची फळे दरवर्षी विकता येतात. वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीनेही मालकाला स्वखुशीने आपली जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ करता येते. मालकी त्याचीच राहते. जमिनीचा वापर मात्र परवानगीशिवाय बदलता येत नाही.

मग पैसा मिळाला तरच राखायचे का? निर्गम ग्रंथाच्या २३ व्या अध्यायात सातव्या वर्षी शेत पडीत ठेवण्याची आज्ञा आहे. त्यात गरिबांचा वाटा आहे, आणि गरिबांनी खाऊन उरेल त्यात रानातल्या पशूंचाही. म्हणजे मालक हा राखणदार आहे. पण राखणदाराला उपाशी ठेवून राखण करून घेणे हेही पापच.

म्हणून ज्यांना शेत आहे त्यांनी यंदा धुरा साफ करण्यापूर्वी थोडे थांबू या. ज्यांना शेत नाही, त्या आपण शेजाऱ्यासोबत एक रात्र जागल करू या, भरपाईचा अर्ज भरायला त्याच्याबरोबर जाऊ या. झाड त्याच्या धुऱ्यावर असले, तरी सावली आपल्या सर्वांची आहे.