माग आणि मूळ

विपुल लिहिणाऱ्या रहस्यकथाकाराची ओळख करून देताना आधी त्याच्या पुस्तकांचा आकडा सांगायचा आणि तो सांगून झाला की त्याच्याविषयी विचार करण्यासारखे काही उरलेच नाही असे समजून पुढे जायचे, ही मराठी वाङ्मयचर्चेची जुनी आणि त्रासदायक सवय आहे. बाबूराव अर्नाळकर या नावाने लिहिणाऱ्या चंद्रकांत सखाराम चव्हाण यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांचा उल्लेख सर्वत्र होतो, परंतु धनंजय, झुंजार आणि काळापहाड यांच्या जगात गुन्हा कशाला म्हणतात, हे क्वचितच कोणी विचारते. त्याच काळात वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला या सवयीचे दुसरे रूप आले, कारण त्यांच्याही बाबतीत दीड दिवसाची शाळा आणि तीसहून अधिक कादंबऱ्या एवढ्या हिशेबावर अनेकांचे समाधान होते. हे दोन लेखक एका चर्चेत सहसा येत नाहीत. ते का यावेत, हे समजून घेण्यासाठी थोडे पॅरिसकडे वळावे लागते.

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच लोकप्रिय कादंबरी वृत्तपत्राच्या पानाच्या तळाशी, रेघेखालच्या जागेत, रोज थोडी थोडी छापली जात असे. युजेन स्यूची पॅरिसमधील रहस्यांवरील प्रचंड कादंबरी १८४२-४३ मध्ये अशीच आली आणि तिच्या अनुकरणातून लंडनच्या रेनॉल्ड्सने जे लिहिले ते मराठी वाचकाने आवडीने वाचले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’मागे रेनॉल्ड्स आहे, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे. अशा कादंबऱ्यांना निव्वळ करमणूक समजणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की १८५० मध्ये फ्रेंच विधिमंडळाने क्रमशः कादंबरी छापणाऱ्या वृत्तपत्रावर जादा मुद्रांक-कर बसवला. निरुपद्रवी वाङ्मयाला सरकार इतके घाबरत नाही.

या परंपरेत एमिल गाबोरियो हा लेखक आला. त्याचा जन्म १८३२ मध्ये झाला आणि १८७३ मध्ये, वयाच्या ४०व्या वर्षी, तो वारला. मधल्या थोड्या वर्षांत त्याने कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. ‘लरूज प्रकरण’ १८६६ मध्ये गाजले आणि ‘मस्यू लकोक’ १८६८ मध्ये ‘ल पती जुर्नाल’ या अत्यंत स्वस्त दैनिकातून क्रमशः आली. या दुसऱ्या कादंबरीचा घाट विचित्र आहे. पहिल्या भागात पॅरिसच्या बाहेरील एका गुत्त्यात तीन माणसे मारली जातात, एक माणूस जागीच पकडला जातो, आपण मे नावाचा फिरस्ता डोंबारी आहोत असे तो सांगतो, आणि तरुण पोलीस अधिकारी लकोक बर्फातील पावलांच्या ठशांवरून तेथे आणखी कोण होते याची जुळणी करतो. डोंबारी म्हणवणारा हा कैदी प्रत्यक्षात मोठा सरदार आहे असा त्याला दाट संशय येतो, पण सिद्ध काही करता येत नाही. मग दुसरा भाग एकदम मागे, १८१५ मध्ये जातो: क्रांतीत देशोधडीला लागलेले सरदार घराणे परत येते, दरम्यान त्याची जमीन एका शेतकऱ्याने विकत घेतलेली असते, आणि त्या जमिनीवरून, अब्रूवरून व फसलेल्या एका बंडावरून जे वैर पेटते त्याची शेकडो पानांची हकिकत वाचकापुढे येते. पहिला भाग गुन्हेगाराचा माग काढतो आणि दुसरा गुन्ह्याचे मूळ शोधतो. येथून पुढे माग आणि मूळ हे शब्द या दोन कामांसाठी वापरले आहेत.

रहस्यकथेच्या अनेक जाणकारांना हा दुसरा भाग म्हणजे गाबोरियोची चूक वाटते. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी स्वतः शेरलॉक होम्स आहे. कॉनन डॉइलच्या १८८७ मधील ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच कादंबरीत तो लकोकला कामात ढिला आणि गबाळा ठरवतो, आणि एका कैद्याची ओळख पटवायला लकोकला जे काही महिने लागले ते काम आपण एका दिवसात उरकले असते, असे सांगतो. या शेऱ्याचा मराठीतही मोठा प्रभाव पडला, कारण हुशारी म्हणजे वेग अशी समजूत त्याने पक्की केली. पण होम्सचा हा तोरा ज्या पुस्तकात आहे त्याची रचना पाहावी. अर्धे पुस्तक संपताच गुन्हेगार पकडला जातो आणि कथा अमेरिकेतील यूटाच्या वाळवंटात, कित्येक वर्षे मागे जाऊन, सूडाचे कारण सांगत बसते. गाबोरियोच्या कथानकांची जुळणी आपल्याला आवडत असे, हे डॉइलने पुढे आत्मचरित्रात लिहिलेही. ज्याचा आराखडा घेतला त्यालाच आपल्या नायकाकरवी गबाळा म्हणवून घेणे न्यायाचे नाही, आणि पुढच्या रहस्यकथेने मूळ आखूड करत नेऊन केवळ माग उरवला, याचा काही दोष या शेऱ्याकडे जातो.

माग काढण्याची विद्या काही पॅरिसमध्ये जन्मली नाही. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात दख्खनच्या गावातील जागल्याच्या कामाचे वर्णन आहे. गावोगाव हे काम रामोशी, महार, मांग किंवा भिल्ल यांच्याकडे असे. चोरी झाली की जागल्या पावलांच्या ठशांवरून चोराच्या मागावर निघे, पाऊलखुणांचे अचूक माप घेई, शिवेपर्यंत जाऊन ते माप पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी, आणि मग शोधाचा भार त्या गावावर पडे. लकोकने गुत्त्याबाहेरच्या बर्फात जे केले ते कृष्णा-वारणेच्या काठच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्यांचे बलुत्याचे काम होते, आणि त्यासाठी कोणी त्या माणसांवर कादंबरी लिहिली नाही. उलट इंग्रजी अमलात हक्क आणि वतने गेली, रामोश्यांचे रखवालीचे अधिकार गेले, त्यांच्यातील उमाजी नाईकाने बंड केले आणि १८३२ मध्ये त्याला पुण्यात फाशी झाली. फ्रान्समध्ये व्हिदोक नावाचा तुरुंग भोगलेला माणूस पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला आणि त्याच्या आठवणींवर गुन्हेकथेची एक शाखाच उभी राहिली. दख्खनमध्ये प्रवास उलट दिशेने झाला: ज्यांनी चोर शोधायचे तेच जन्माने चोर ठरवले गेले.

हे ठरवण्याचे साधन म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, जो १९११ च्या सुधारित रूपात मुंबई इलाख्यातही लागू झाला. एखाद्या समूहाला सरकारी अधिसूचनेने गुन्हेगार जाहीर करावे, त्यातील माणसांची नोंद करावी, त्यांना पोलिसांपुढे किंवा पाटलापुढे हजेरी द्यायला लावावी, अशी त्याची रीत होती, आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्याची मुभा नव्हती. १९२० मध्ये वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या अण्णा भाऊंना ही हजेरी म्हणजे काय हे सांगावे लागले नाही. १९५९ च्या ‘फकिरा’त सरकारी खजिना लुटला जातो, पण लुटणारा कोण हे पानापानावर उघड आहे, कादंबरीचा सगळा भर उपासमार, अपमान आणि हजेरी यांनी माणूस तेथवर कसा आणला यावर आहे. ‘वारणेचा वाघ’मधील सत्तू भोसलेही असाच उघडा नायक आहे. या मुलखाच्या वाचकाला ‘कोणी’ या प्रश्नाचे कुतूहल कसे असणार? ७ जून १९४३ रोजी साताऱ्यातील ब्रिटिशविरोधी प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली, त्याच वर्षी २४ जुलैला स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील सांगलीच्या तुरुंगातून निसटले, आणि सरकारच्या लेखी जो दरोडा किंवा पलायन होते त्याचा गावाला अभिमान होता. म्हणून गाबोरियोचा दुसरा भाग, म्हणजे मूळ, हाच गुन्हेकथेचा खरा गाभा आहे आणि तो मराठीत अण्णा भाऊंनी लिहिला, असे म्हणावेसे वाटते.

मात्र हा निष्कर्ष जितका समाधानकारक दिसतो तितका तो टिकत नाही, कारण गुन्हेगार जमातींचा कायदासुद्धा मुळाचीच भाषा बोलत होता. माणूस काय करतो ते त्याच्या उगमावरून कळते, हाच त्या कायद्याचा सिद्धांत होता. फरक इतकाच की अण्णा भाऊंचे मूळ इतिहासात आहे आणि कायद्याचे रक्तात. ज्या व्यवस्थेने मूळ आधीच ठरवून टाकले तिला माग काढण्याची गरज पडत नाही: पाऊलखूण मोजायची नाही, साक्ष तपासायची नाही, नोंदवहीतील नाव पुरे. फकिराला पकडण्यासाठी कोणी त्याचा माग काढीत नाही. त्याची माणसे ओलीस धरली जातात आणि तो स्वतः हजर होतो. ही अत्यंत अचूक नोंद आहे, कारण समूहाला धरून व्यक्तीला गाठणे हे त्या कायद्याचेच तंत्र होते.

या उजेडात लकोकचे ते महिने पुन्हा वाचले पाहिजेत. त्याच्यापुढे बसलेला माणूस स्वतःला फिरस्ता डोंबारी म्हणवतो, आणि सातारा किंवा सांगलीच्या एखाद्या चौकीत तेवढ्यावरच प्रकरण मिटले असते. लकोक मात्र त्याच्या जातकुळीवर विसंबत नाही; तो सरदार असल्याचा संशय असूनही पुराव्यावाचून तसे म्हणायला तयार होत नाही, आणि डोंबारी असेल तर त्यानेच खून केला असेल असेही मानत नाही. होम्सला जो ढिलेपणा वाटला ती आरोपीला देणे असलेली सबुरी आहे. माग म्हणजे केवळ बुद्धीचा खेळ नसून, या कृत्याशी या माणसाचा संबंध दाखवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही अशी राज्यसंस्थेवर घातलेली अट आहे, आणि ही अट मोडल्याची किंमत ज्या वाड्यांनी मोजली त्यांनाच तिची सर्वाधिक गरज होती.

मराठीत गाबोरियोचे दोन भाग दोन लेखकांकडे वाटले गेले. अर्नाळकरांचा धनंजय मुंबईत माग काढत राहिला आणि अण्णा भाऊंनी वारणाकाठी मूळ खणले. ग्रंथालयांनी एकाला रहस्यकथेच्या कपाटात ठेवले, दुसऱ्याला ग्रामीण व दलित साहित्याच्या, आणि दोघांचे वाचक एकच असल्याचे कोणी पाहिले नाही. या विभागणीत एक कादंबरी लिहायची राहून गेली: जिच्यात वाळव्याच्या शिवारात एक जुना रामोशी जागल्या चोराच्या पावलांचे माप काठीवर घेतो आणि हजेरीच्या वहीत नाव असलेल्या एका माणसाचे पाऊल त्या मापात बसत नाही, हे फौजदारापुढे दाखवून देतो.