लावणं आणि ठेवणं

मराठीत झाड लावतात. जीव लावतात, लळा लावतात, मुलांना वळण लावतात, तेही याच क्रियापदानं. हिंदीतलं ‘लगाना’ बरंच अंतर सोबत चालतं, पण ‘वळण लावणं’ तिथेही सुटतं. इंग्रजीत तर या एका शब्दासाठी चार शब्द शोधावे लागतात. अनुवाद करताना मी या क्रियापदापाशी नेहमी थबकते. त्यामुळेच असेल, शहरी घरांतल्या बोलण्यातला एक बदल कानाला लागतो. अंगणात झाड लावतात. हॉलच्या कोपऱ्यात मात्र झाड ‘ठेवतात’. सोफ्याच्या बाजूला एखादं मोठं झाड ठेवलं तर छान दिसेल, असं आपण सहज म्हणतो. ठेवणं हे खुर्चीचं, फुलदाणीचं क्रियापद. माणूस कामाला ठेवला तरी त्याला पगार द्यावा लागतो. मग ज्या जिवाला आपण घरात ठेवतो, त्याचं आपण काही देणं लागतो का?

रबर प्लांटचंच उदाहरण घेऊ. जाड, तकतकीत पानं आणि टोकाला लालसर आवरणात गुंडाळलेलं नवं पान. आपल्याकडच्या दिवाणखान्यांत हे झाड इतकं ओळखीचं आहे, की ते मूळचं कुठलं हे कुणी विचारत नाही. फायकस इलास्टिका हे त्याचं शास्त्रीय नाव. वड, पिंपळ, उंबर यांचं ते सख्खं भावंड. पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, म्यानमार आणि पुढे इंडोनेशियापर्यंतची ओली जंगलं हे त्याचं घर. तिथे ते तीस मीटर आणि त्याहूनही उंच होतं. पुष्कळदा पाखरानं टाकलेली बी दुसऱ्याच झाडाच्या बेचक्यात रुजते आणि तिथून मुळं जमिनीकडे उतरत येतात. आपल्या खोलीचं छत असतं तीन मीटरवर.

‘रबर’ हे नावही आपण दिलेलं, आपल्या उपयोगाचं. 1870 च्या दशकात ब्रिटिश सरकारनं आसामात चारिदुआर इथे या झाडाची लागवड केली, ती चिकासाठी. त्याच दशकात, 1876 साली, हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून वेगळ्याच एका रबराच्या झाडाच्या बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. ते झाड आशियात रुजलं आणि जगाची बाजारपेठ त्यानं घेतली. आसामच्या झाडाच्या चिकाला गिऱ्हाईक उरलं नाही. नाव तेवढं राहिलं. कामावरून काढून टाकलेल्या माणसाला जुन्याच हुद्द्यानं हाक मारत राहावं, तसं हे नाव.

उपयोगाची सवय मात्र आपली सुटलेली नाही. घरातलं झाड हवा शुद्ध करतं, असं आता आपण सांगतो. 1989 मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेनं बंद पेट्यांमध्ये केलेल्या प्रयोगांचा त्याला आधार दिला जातो. पण आपण बंद पेटीत राहत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचा हिशेब असा, की इमारतीत एरवीच हवेची जी ये-जा होते, तिची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. थोडक्यात, कोपऱ्यातलं झाड आपल्यासाठी जवळजवळ काहीच करत नाही. ते नुसतं जगतं. मला वाटतं, नैतिक प्रश्न खरा इथून सुरू होतो, कारण देवाणघेवाणीची सबब आता उरत नाही.

आपण त्याची काळजी घेतो, हे खरं. पण ती काळजी नीट पाहावी. पानं ओल्या फडक्यानं पुसायची, कारण खोलीत पाऊस पडत नाही. कुंडी थोडी थोडी फिरवत राहायची, कारण उजेड एकाच खिडकीतून येतो आणि झाड तिकडे कलतं. माती बोटानं चाचपून पाणी द्यायचं, कारण या मुळांना ओल शोधत पुढे जाता येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलायची, कारण मुळं आतल्या आत गोल गोल फिरून एकमेकांना आवळतात. यातली प्रत्येक गोष्ट आपण आधी काढून घेतलेल्या कशाची तरी भरपाई आहे. गरज कुंडीनं निर्माण केली आणि ती आपण भागवतो. याला दान म्हणणं जड जातं. ही फेड आहे.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल. हे झाड जंगलातून कुणी उपटून आणलेलं नाही. रोपवाटिकेत गुटी कलमानं ते तयार झालं. कुंडी नसती तर ते जन्मालाच आलं नसतं. मग त्याच्याकडून काय हिरावलं? आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरत नाही. कोंडवाड्यात जन्मलेल्या वासराला रान आठवत नाही, म्हणून कोंडवाडा त्याचं रान ठरत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत याच झाडाच्या खोडावर बारीक पारंब्या फुटू लागतात. खाली फरशी असते. झाडाला काही आठवत असेल असं मी म्हणत नाही; त्याच्या घडणीत जमिनीची अपेक्षा आहे, एवढंच म्हणते. आणि ऋण स्वतः सही करून घेतलेलं असायलाच हवं, असं आपली परंपराही मानत नाही. देव, ऋषी आणि पितर यांचं ऋण माणूस जन्मतःच घेऊन येतो.

दुसरा आक्षेप वेदनेचा. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. मग कर्तव्य कुणाशी? जैन विचारानं झाडाला एकेंद्रिय मानलं, स्पर्श तेवढा जाणणारा जीव म्हणून, आणि तेवढ्यावरून त्याला हिंसेच्या हिशेबात घेतलं. अमेरिकन तत्त्वज्ञ पॉल टेलर यांनी 1986 च्या ‘रिस्पेक्ट फॉर नेचर’मध्ये संवेदनेची अटही बाजूला ठेवली: प्रत्येक सजीवाला स्वतःचं असं भलं असतं, त्याला ते कळो वा न कळो. खुर्चीचं बरंवाईट होत नाही, मोडली तर आपली गैरसोय होते. झाडाचं बरंवाईट होतं. एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

मग झाड छताला टेकलं की काय करायचं? मोकळं करावं, हे उत्तर ऐकायला सुंदर आहे. पण वडाच्या कुळातलं हे झाड सोसायटीच्या आवारात लावलं तर त्याची मुळं काही वर्षांत कुंपणाची भिंत आणि गटाराचे पाइप शोधून काढतात, आणि मग कुऱ्हाड येते. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात. या सगळ्या कुळाची फुलं फळाच्या आत दडलेली असतात आणि आत शिरायला प्रत्येक जातीची बहुधा स्वतःची अशी चिमुकली गांधीलमाशी लागते. रबर प्लांटची माशी नसेल तिथे त्याला बी धरत नाही. ज्या जगात ते मोकळं असतं, ते जग आपल्या फाटकाबाहेर नाही. ‘मोकळं केलं’ याचा अर्थ पुष्कळदा ‘जबाबदारी टाकली’ एवढाच असतो.

म्हणजे शेंडा छाटावा लागणार. चीक वाहणार, खाली बाजूचे डोळे फुटणार. पण छाटणं आणि वाकवणं हाच गुन्हा असता, तर मेघालयातल्या खासी आणि जैंतिया लोकांना आपण काय म्हणणार? तेही याच झाडाला वाकवतात. वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या डोंगरांत बांबूचे पूल कुजतात. म्हणून ओढ्याकाठी रबराचं झाड लावायचं, त्याची कोवळी मुळं बांबूच्या किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडाच्या आधारानं पलीकडच्या काठावर न्यायची आणि तिथल्या मातीत रुजू द्यायची. खासी भाषेत या पुलांना ‘जिंगकिएंग ज्री’ म्हणतात. पूल वजन पेलण्याजोगा व्हायला दशकं जातात. ज्यानं पहिलं मूळ वळवलं, त्याला तो पूर्ण झालेला दिसेलच असं नाही. नीट राखला तर पुढे कित्येक पिढ्या टिकतो. इथे मराठीतलं वळण लावणं अक्षरशः घडतं.

दोन्हीकडे झाड माणसाच्या इच्छेनं वाकतं. तिथे मात्र त्या मुळाला शेवटी स्वतःची माती मिळते, आणि वाकवणारा माणूस त्याच झाडावर भार टाकून ओढा ओलांडतो. दोघं एकमेकांवर अवलंबून आहेत. खोलीत अवलंबून असणं एकतर्फी आहे. चार दिवस सुट्टीला गेलो तर झाडाला शेजाऱ्यांच्या किल्लीचा भरवसा. आपलं त्याच्यावाचून काही अडत नाही. ज्याच्यावाचून आपलं अडत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यात आपली खरी परीक्षा असते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पूल आपल्याला बांधता येणार नाही. पण हॉलमध्येही ठेवण्यापासून लावण्यापर्यंत थोडं सरकता येतं. आणण्याआधी विचारावं, हे केवढं होणार आहे. जागा ठरवताना खिडकी आधी पाहावी, सोफा नंतर. छाटताना ‘त्याच्याच भल्यासाठी’ असं म्हणू नये. छत आपलं आहे, तेव्हा कापही आपल्यासाठीच आहे, हे मान्य करावं आणि कापलेला शेंडा रुजवून द्यावा. आणि हे झाड आपल्यापेक्षा जास्त जगू शकतं, म्हणून घर बदलताना किंवा आपल्यामागे ते कुणाकडे जाईल, हे घरात बोलून ठेवावं. भांडी, दागिने, कागदपत्रं यांच्याबद्दल आपण बोलतोच. त्यांना तर पाणीही लागत नाही.