परतीचे तिकीट

नेकी करावी की करू नये, असा प्रश्न कोणत्याच धर्मात पडत नाही. प्रश्न पडतो तो त्याच्या पुढचा. आपण केलेली नेकी ज्याच्यासाठी केली त्याच्यापर्यंत पोहोचली, की आपल्यापाशीच राहिली, हे कसे ओळखायचे? आपल्या समाजात यावर बहुधा एकच उत्तर मिळते : नीयत साफ असली की झाले. कर्माचे मोल नीयतीवर ठरते, ही हदीस आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेली असते. पण नीयत साफ असूनही, ज्याच्यासाठी धडपडलो त्याचेच नुकसान झाले तर? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी मुद्दाम आपल्या घरापासून दूरचे उदाहरण घेत आहे. घरातल्या उदाहरणावर माणूस लगेच चिडतो. दूरच्या उदाहरणावर जरा शांतपणे विचार करतो.

अमेरिकेतील चर्चमध्ये ‘शॉर्ट टर्म मिशन’ नावाची एक प्रथा आहे. आयुष्यभराचे मिशनरी न होता, आठवडा-दोन आठवड्यांसाठी परदेशी जाऊन सेवा करून यायचे. रॉबर्ट वुथनाउ या समाजशास्त्रज्ञाने २००५ च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून, चर्चचे १६ लाखांच्या आसपास सभासद दरवर्षी अशा प्रवासाला जातात असा अंदाज मांडला होता. त्यांतले एखादे जोडपे डोळ्यांसमोर आणावे. दोघे नोकरी करणारे, स्वतःची मुले मोठी झालेली. वर्षभर पैसे साठवलेले, थोडी वर्गणी चर्चच्या मंडळींनी दिलेली. कंबोडियातल्या सिएम रीप शहरातील एका बालगृहात ते जातात. बॅगांमध्ये रंगीत खडू, कपडे, औषधे. तिथे ते भिंती रंगवतात, मुलांना गाणी शिकवतात, त्यांच्याशी खेळतात. निघायच्या दिवशी मुले गळ्यात पडून रडतात, तेही रडतात. घरी परतल्यावर चर्चमध्ये फोटो दाखवतात आणि ते पाहून आणखी चार जण देणगी देतात.

या जोडप्याची टवाळी करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. बायबलमधील याकोबाच्या पत्रात, अनाथ आणि विधवांची त्यांच्या संकटात विचारपूस करणे हीच निर्मळ धर्मसेवा, अशा अर्थाची शिकवण आहे. हे दोघे तेच पाळायला निघालेले असतात. सुट्टीत समुद्रकिनारी जाऊन लोळता आले असते. ते यतीमांकडे गेले. आपल्यापैकी किती जण असे जातात?

आपल्या वाचकांच्या मनात इथे एक शंका येईल. हे लोक धर्मांतरासाठीच जातात, त्यात एवढा विचार काय करायचा? तो वाद मी बाजूला ठेवतो. कारण त्या दोघांनी तिथे धर्माचा एक शब्दही उच्चारला नाही, असे धरून चालले तरी माझा प्रश्न जसाच्या तसा उरतो. प्रश्न धर्माचा नाही, त्या मुलाचा आहे.

कंबोडियात ख्मेर रूजची राजवट १९७९ मध्ये संपली. नव्वदच्या दशकाअखेर लढायाही थांबल्या. त्यानंतर अनाथालये कमी होत जातील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. घडले उलटेच. युनिसेफच्या २०११ च्या अहवालानुसार तिथली बालगृहे २००५ मध्ये १५४ होती, ती २०१० मध्ये २६९ झाली. त्यांत राहणाऱ्या मुलांपैकी सुमारे पाऊण मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी हयात होते. म्हणजे यतीम वाढले नव्हते, यतीमखाने वाढले होते. अनेक बालगृहे परदेशी देणग्यांवर चालत आणि त्यांतली कित्येक चर्चशी जोडलेली होती. अंगकोरची मंदिरे पाहायला येणाऱ्या पर्यटकांची गर्दी जिथे, त्या सिएम रीपमध्येही ती मोठ्या संख्येने निघाली.

हे कसे घडते, ते समजायला अवघड नाही. खेड्यात एक गरीब आई असते. तिला कोणी येऊन सांगतो, मुलाला आमच्याकडे दे; तीन वेळचे जेवण मिळेल, इंग्रजी शिकेल. कोणती आई नाही म्हणेल? तिच्या दृष्टीने ते बालगृह नसतेच, वसतिगृह असते. तिकडे बालगृह चालवणाऱ्याला कळून चुकते की पाहुणे येतात ते मुले पाहायला. मुले असली तर पाहुणे, पाहुणे असले तर देणगी. बहुतेक चालक प्रामाणिक असतील, मला शंका नाही. पण मुलांना पाहुण्यांपुढे नाचायला लावणे, देणगीदारांना दया यावी म्हणून मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवणे, असे प्रकारही उघडकीस आले. सिएम रीपच्या आपल्या जोडप्याला यातले काहीच ठाऊक नसते. तरीही त्यांच्या तिकिटाने त्या बाजारात मागणी नोंदवलेली असते, आणि मागणी आली की पुरवठा करणारे कोठेही निघतात.

याचे टोक हैतीमध्ये दिसले. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतील बाप्टिस्ट चर्चच्या दहा स्वयंसेवकांना तेथील सरहद्दीवर अटक झाली. ते ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत होते. तिथे त्यांच्यासाठी अनाथालय काढायचे होते. चौकशीत कळले की मुलांचे पालक हयात आहेत. कित्येकांनी स्वतःच्या हाताने मुले सोपवली होती, शिक्षण मिळेल या आशेने. नेणाऱ्यांना आपण मुलांना वाचवत आहोत असेच वाटत होते. त्यांच्या नीयतीत खोट काढण्याची गरज नाही. खोट होती ती न विचारलेल्या एका प्रश्नात : या मुलाची आई कोठे आहे?

आता मुलाच्या मनाकडे येऊ. बी.एड. करताना आम्हाला जॉन बोल्बी शिकवला होता. आईपासून तुटलेल्या मुलांवर त्याने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. मुलाला पहिल्या वर्षांत एका कायमच्या माणसाची माया लागते, हे त्याचे सार. पुढे २००० साली रुमानियातील बुखारेस्ट शहरात अमेरिकन संशोधकांनी अनाथालयांतील १३६ लहानग्यांचा अभ्यास सुरू केला. त्यांतली निम्मी मुले सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. काही वर्षांनी त्या मुलांची बुद्धी आणि मनाची वाढ मागे राहिलेल्यांपेक्षा चांगली झालेली आढळली. जी मुले जितक्या लवकर घरात गेली, तितका त्यांना अधिक फायदा झाला.

अशा संस्थांत वाढलेल्या मुलांत एक लक्षण वारंवार नोंदले गेले आहे. अनोळखी माणूस दिसला की ती धावत जाऊन बिलगतात. पाहुण्यांना वाटते, किती प्रेमळ मुले! जाणकाराला त्यात वेगळेच दिसते. ज्याला स्वतःचे माणूस असते ते मूल अनोळख्याला पाहून आधी आईच्या मागे लपते. जे कोणालाही बिलगते, त्याला आपले कोण हेच उमगलेले नसते. पाहुण्यांच्या फोटोत जे प्रेम दिसते, ते पुष्कळदा त्या मुलाची जखम असते.

आमच्या शाळेत दरवर्षी छात्राध्यापक सराव पाठांसाठी येतात. तरुण, उत्साही, रोज नवा तक्ता घेऊन वर्गात येणारे. काही आठवड्यांत पाठ संपतात आणि ते जातात. पुढे कितीतरी दिवस दुसरी-तिसरीची मुले विचारत राहतात, “सर, ते नवे सर कधी येणार?” ही मुले संध्याकाळी आपल्या अम्मीकडे जातात, म्हणून तो प्रश्न हळूहळू विरतो. ज्याला संध्याकाळी जायला कोणीच नाही, त्याच्याकडे दर पंधरा दिवसांनी नवे अंकल, नवी आंटी येते, उराशी धरते आणि निघून जाते. एका वर्षात त्याला किती वेळा सोडून दिले जाते, याचा हिशेब कोणी करावा?

मग जायचेच नाही काय? असे सरसकट म्हणणे अन्याय होईल. दोन आठवड्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करून परतणारा डॉक्टर काही अर्धवट सोडून येत नाही. ज्याला दिसत नव्हते त्याला दिसू लागते. तिथल्या शिक्षकांना किंवा परिचारिकांना काही शिकवून येणाऱ्याचेही तसेच. काम पुरे करता येते, म्हणून त्याला मुदत चालते. मायेला मुदत चालत नाही. त्या जोडप्याची गफलत एवढीच, की जी गोष्ट पंधरा दिवसांत देता येतच नाही तीच द्यायला ते जातात.

आणि जिथे नुसते काम असते तिथेही हिशेब पाहावा लागतो. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरे बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रवासखर्चासह एका गटाचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर येत होता. स्थानिक संस्था तसेच घर सुमारे २ हजार डॉलरमध्ये बांधत होत्या. घर मिळालेल्या कुटुंबांना ते कोणी बांधले याने फारसा फरक पडलेला नव्हता. फरक बांधणाऱ्यांना पडायचा. त्या अनुभवाची किंमत बाकीच्या घरांनी मोजली, असे म्हटले तर ते फार कडवट होईल, पण खोटे होणार नाही.

इथे मला आपल्या केडगावची आठवण होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या आणि मुक्ती मिशन उभे केले. त्यांचा धर्म ख्रिस्ती, मदत बरीचशी परदेशातून. पण त्यांनी परतीचे तिकीट काढले नव्हते. १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या त्याच मुलींत राहिल्या, त्यांच्याच भाषेत बोलल्या. मिशन आणि मिशन यांत असा फरक असू शकतो.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ मध्ये एक कसोटी सांगितली : माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. मूल जेव्हा माझ्या समाधानाचे, माझ्या ईमानाच्या ताजेपणाचे, माझ्या सवाबाचे साधन बनते, तेव्हा मी त्याला कितीही मिठाई दिली तरी या कसोटीवर उतरत नाही. ख्रिस्ती शिकवण आणि आपली हदीस दोन्ही सांगतात की उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये. मला वाटते, हे केवळ देणाऱ्याचा अहंकार मोडण्यासाठी सांगितलेले नाही. घेणाऱ्याची अब्रू राखण्यासाठीही सांगितले आहे.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्माआधीच गेले, सहाव्या वर्षी आई गेली. मग आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि त्यांच्यानंतर चाचा अबू तालिब. एका नात्यातून दुसऱ्या नात्यात ते सांभाळले गेले. कुरआनमध्ये यतीमांचा इतक्या वेळा उल्लेख आहे, त्यांच्या मालमत्तेची इतकी काळजी आहे, ती त्यांना घरात, आप्तांत ठेवूनच. यतीमाचा हक्क म्हणजे एक छप्पर नव्हे, एक नाते.

आता जरा आपल्याकडे पाहू. रमजानमध्ये यतीमखान्यातील मुलांना इफ्तारला बोलावायचे, एका रांगेत बसवायचे, नवे कपडे वाटायचे आणि फोटो काढायचा. त्या रांगेत बसलेल्या मुलाची आई कोठेतरी शिवणकाम करत असते आणि त्याला घरी ठेवण्यापुरते पैसे तिच्याकडे नसतात. ते पैसे आपण तिला देत नाही. मूल संस्थेत आल्यावर संस्थेला देतो. भारताच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. आपण मात्र तो पहिला करून टाकतो, कारण संस्थेला भेट देता येते. आईच्या हातात गुपचूप ठेवलेल्या पैशांना भेट देता येत नाही.

समाधानाची गोष्ट ही की सुधारणा बोलणाऱ्यांत त्याच धर्माचे लोक आघाडीवर आहेत. ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ हे २००९ चे पुस्तक स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या दोन ख्रिस्ती अभ्यासकांनीच लिहिले, आपल्याच चर्चला प्रश्न विचारत. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मुलांच्या हक्कांवरील ठरावात अनाथालयांशी जोडलेल्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली. अनाथालयांऐवजी कुटुंबांना आधार देण्याकडे वळलेल्या ख्रिस्ती संस्थाही आहेत. आपल्या चुका आपणच तपासण्याची ही हिंमत आपण त्यांच्याकडून जरूर घ्यावी.

तेव्हा त्या जोडप्याला काय सांगावे? तुमचे मन खोटे आहे, असे नाही. एवढेच विचारावे की तुमच्या दोन तिकिटांच्या पैशांत खेड्यातल्या त्या आईला मूल स्वतःपाशी ठेवता येत असेल, तर तुम्ही ते द्याल का? फोटो निघणार नाही. कोणी गळ्यात पडणार नाही. चर्चमध्ये सांगायला गोष्ट उरणार नाही. ते मूल शाळेतून घरी जाईल, आईच्या हातचे जेवेल आणि तुमचे नाव त्याला कधीच कळणार नाही. हाच प्रश्न पुढच्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा.