धरण मालकाचं, पूर देवाचा

दोस्तांनो, प्रश्न साधा आहे. वरच्या अंगाला एकाने हौसेसाठी ओढा अडवला. जमीन त्याची, भिंत त्याची, तळ्यातले मासेही त्याचे. खाली वस्ती आपल्यासारख्यांची. एका रात्री भिंत फुटली, माणसं मेली. कुणाला मारायचं असं काही त्याच्या मनात नव्हतं. मग तो गुन्हेगार की नाही? आणि फुटायच्या आधी ती भिंत बघायचा हक्क कुणाचा?

मी गिरणीत सूत काढणारा माणूस. वकिली शिकलो नाही, इंजिनिअरिंग तर नाहीच. पाळी सुटल्यावर वाचनालयात जे हाताला लागलं ते वाचत गेलो. त्यात अमेरिकेतल्या जॉन्सटाउन गावाची हकिगत वाचली आणि हा प्रश्न डोक्यात घर करून बसला. ती आधी सांगतो.

पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क ओढ्यावर सरकारने कालव्यासाठी मातीचं धरण बांधलं. १८५३ साली पुरं झालं. उंची ७२ फूट. तोवर रेल्वे आली, कालवा निकामी ठरला, धरण खाजगी हातात गेलं. तळातून पाणी सोडायला लोखंडी पाइप होते. मधल्या एका मालकाने ते उपसून भंगारात विकले. १८७९ साली पिट्सबर्गच्या धनदांडग्यांनी ते विकत घेऊन क्लब काढला : साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब. सभासदांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक. पोलाद आणि कोळशाचे राजेच. त्यांना उन्हाळ्यात होड्या फिरवायला, मासे धरायला तळं पाहिजे होतं. पाइप पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा तासून रुंद केला. विकत आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळ्या लावल्या.

खाली १४ मैलांवर जॉन्सटाउन. लोखंड-पोलादाच्या कारखान्याचं गाव. खोऱ्यात तीसेक हजार माणूस, बहुतेक कामगार आणि त्यांची पोरंबाळं. कारखान्याचा मुख्य डॅनियल मॉरेल. हा स्वतः मालकवर्गातला. त्यालाही भीती वाटली. १८८० साली त्याने जॉन फुल्टन नावाच्या इंजिनिअरला धरण बघायला धाडलं. फुल्टनने लिहून दिलं : पाणी सोडायला पाइप नाही, आणि डागडुजी धड झालेली नाही. मॉरेल दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायलाही तयार झाला. क्लबने कळवलं, तुम्हाला काही धोका नाही. बस्स. मालकाने विचारलं तर ही गत. एखाद्या भट्टीवाल्याने विचारलं असतं तर फाटकातूनच हाकलला असता.

३१ मे १८८९. जबर पाऊस. तळं भरलं, जाळ्यांत कचरा अडकला, सांडवा तुंबला. तळातून पाणी सोडायची सोयच नव्हती. क्लबवर नळाच्या कामाला आणलेले इटालियन मजूर शेवटच्या घटकेला फावडी घेऊन माथ्यावर माती टाकत होते. दुपारी धरण गेलं. सुमारे तासाभरात पाणी जॉन्सटाउनवर आदळलं. २,२०९ माणसं मेली. साडेसातशेच्या वर प्रेतांची ओळखच पटली नाही.

पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. क्लबची बाजू क्लबच्याच वकील सभासदांनी सांभाळली. निकाल काय? देवाची करणी. इंग्रजी कायद्यात तसा शब्दच आहे, ‘ॲक्ट ऑफ गॉड’. क्लबला एक पैसा भरपाई द्यावी लागली नाही. त्यांनी हजार ब्लँकेटं पाठवली. कार्नेगीने गावाला ग्रंथालय बांधून दिलं. २०१६ साली भूशास्त्राच्या अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवलं, की माथा उतरवल्यामुळे पाणी वाहून जायची ताकद घटली, मूळ बांधणीचं धरण त्या पावसात टिकलं असतं. सव्वाशे वर्षांनी देव सुटला म्हणायचा.

आता नीट बघा. पाणी शांत होतं तोवर ते मालकाचं. तिथे मासा धरायलाही दुसऱ्याला बंदी. पाणी फुटलं, की तेच पाणी देवाचं. मालकीचा सगळा भोग वर आणि मालकीची सगळी जोखीम खाली. ही वाटणी कुणी केली? खालच्याला विचारून केली का?

‘खाजगी’ हा शब्द आपल्याला नवा नाही. चवदार तळं खाजगी आहे असाच दावा सवर्णांनी कोर्टात लावला होता, आणि १९३७ साली हायकोर्टात तो टिकला नाही. महाडला आपल्याला पाण्यापासून लांब ठेवायला तळं खाजगी झालं. जॉन्सटाउनला माणसं पाण्याखाली गेल्यावर जबाबदारी झटकायला देव पुढे केला. शब्द दोन, काम एकच : वरच्याला विचारू नका.

आणि देव नसला तर खेकडा असतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. जबाबदार मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. तिवरे सरकारी होतं, क्लबचं नव्हतं. पण खालच्याची तक्रार वर न पोचण्याची तऱ्हा तीच.

काही जण म्हणतील, हेतू नव्हता, मग पाप कसलं? मी म्हणतो, हेतू नव्हता हे खरं, पण माहिती होती. फुल्टनचा कागद नऊ वर्षं पडून होता. ज्याला कळलंय की आपल्या हौसेच्या भिंतीखाली घरं आहेत, आणि तरीही जो खर्च नको म्हणून बघत नाही, त्याने दुसऱ्याच्या जिवाची किंमत ठरवून टाकलेली असते. शून्य. माणसाला शून्य ठरवणारी ही नजर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहे.

कायद्यालाही हे हळूहळू उमगलं. १८६८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका गिरणीमालकाविरुद्ध निकाल दिला. त्याच्या तलावाचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत घुसलं होतं. धोक्याची चीज तू आपल्या जागेत साठवलीस, ती सुटली तर भरून दे, चूक सिद्ध होवो न होवो. तरी त्यात देवाच्या करणीची फट होतीच. भोपाळनंतर दोन वर्षांनी, १९८६ साली, श्रीराम वायुगळतीच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने धोक्याच्या उद्योगांपुरती तीही फट बुजवली. हे मोठंच पाऊल. पण भरपाई म्हणजे वरातीमागून घोडं. मेलेल्याला चेक वटवता येत नाही. म्हणून खरी लढाई आधीच्या तपासणीची.

आमच्या डाइंग खात्यात बॉयलर आहे. बॉयलर मालकाचा. पण सरकारी दाखल्याशिवाय मालकाला तो पेटवता येत नाही. १९२३ सालापासून तसा कायदा आहे. का? फुटला तर आधी मालक मरत नाही, आम्ही मरतो. तपासनीस खरोखर आत डोकावतो की चहा पिऊन सही करतो, हा वेगळा झगडा. पण तत्त्व मान्य झालंय, की जिथे दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे तिथे ‘माझं खाजगी’ हे उत्तर चालणार नाही. मग बॉयलरला जे लागू, ते तळ्याच्या भिंतीला का नको?

अमेरिकेच्या यादीत आज नव्वद हजारांवर धरणं आहेत. निम्म्याहून जास्त खाजगी मालकीची, आणि कितीतरी निव्वळ करमणुकीची. १९७७ साली जॉर्जियात टोकोआ फॉल्सला बायबल कॉलेजच्या मालकीचं असंच एक जुनं मातीचं धरण मध्यरात्रीनंतर फुटलं. ३९ मेले, त्यात २० पोरं. १९७८ साली त्या राज्याने धरण-सुरक्षेचा कायदा केला. आधी मढी, मग कायदा. हा क्रम सगळीकडे सारखा.

आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा आला. तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागू. १० ते १५ मीटरमधली लांबी, साठा वगैरे मोठं असेल तरच धरतात. त्याखालची भिंत त्या कायद्याच्या हिशेबात नाही. पण बुडणाऱ्या माणसाला आठ मीटरचं पाणी पुरतं की!

इथे एक आक्षेप रास्त आहे. गरीब शेतकऱ्याच्या बंधाऱ्यावर इन्स्पेक्टर सोडायचा का? त्याला लाच द्यायला आणखी एक साहेब का? माझं म्हणणं, भिंत किती उंच आणि मालक किती बडा हे मोजूच नका. खाली कोण झोपतं ते मोजा. अमेरिकेत निदान वर्गवारी तशी करतात : फुटलं तर माणूस मरेल का, यावर धोक्याचा वर्ग ठरतो. रानात पाणी जाणार असेल तर शेतकऱ्याला छळू नका. खाली एक जरी झोपडी असेल तर तपासणी हवीच, आणि पाणी हौसेचं असेल तर खर्च मालकाचाच.

आणि दोस्तांनो, हे नुसतं साहेबावर सोपवू नका. खालच्या वस्तीला तीन हक्क पाहिजेत : वर काय आहे ते कळायचा, जाऊन बघायचा आणि धोका दिसला तर पाणी उतरवायला लावायचा. आपापल्या वस्तीवरचा ओढा धरून वर चालत जा. भिंत कुणाची ते विचारा. सांडवा मोकळा आहे की बुजवलाय? मातीच्या बांधावर झाडं वाढलीत का? पायथ्याशी झिरपणारं पाणी गढूळ येतंय का? गढूळ म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहून चाललीय. तारीख घालून लिहा, कचेरीत द्या, पोच घ्या. माहितीच्या अधिकारात तपासणीचा कागद मागा.

फाटकावर कुणी म्हणेल, ही खाजगी मालमत्ता आहे. त्याला शांतपणे विचारा, पाणी फुटलं तर ते तुझ्या कुंपणाशी थांबणार आहे का? थांबणार असेल तर आम्ही परत जातो.