यंत्राची साक्ष, माणसाची सही

जालना विधानसभेच्या 2014च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला गेला, अशी तक्रार घेऊन पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात सरकारी कॅमेरा चालूच होता. मग वाद मिटायला किती वेळ लागावा? सहा वर्षं लागली. चित्रीकरणाच्या सीडी होत्या, पण त्यांच्यासोबतचं प्रमाणपत्र नव्हतं.

2000 साली पुराव्याच्या कायद्यात कलम 65ब आलं. यंत्र ज्याच्या ताब्यात, त्यानं सही करून सांगायचं: नोंद याच यंत्रातली आहे, आणि यंत्र तेव्हा नीट चालत होतं. अट शहाणपणाची आहे. घोडं अडतं ते यंत्र दुसऱ्याचं असतं तेव्हा. इथे तर ज्यांच्या कामावर बोट ठेवलं होतं, त्यांच्याकडेच सही मागायची होती. पत्रांवर पत्रं गेली, प्रमाणपत्र काही मिळालं नाही.

जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीवर भागणार नाही. मात्र सगळे प्रयत्न करूनही ज्याला ते मिळालं नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. कामी आली ती मागणीची पत्रं. उच्च न्यायालयानं रद्द केलेली निवड रद्दच राहिली. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती, ही गोष्ट वेगळी.

1 जुलै 2024 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आता प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइलमधला एक ठिपका हलला तरी हा आकडा बदलतो. पण तो सांगतो एवढंच की आकडा काढल्यानंतर फाइलला कुणी हात लावलेला नाही. मुळात खोट्याच बनवलेल्या चित्रफितीचा हॅशही तितकाच चोख निघतो. ती ओळखायचा भार शेवटी तज्ज्ञावर आणि उलटतपासणीवरच येतो.

आणि चौकात धडक बसलेल्या दुचाकीस्वाराचं काय? त्याचा पुरावा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात असतो. दुकानदार फुटेज आनंदानं देतो, सहीचं नाव काढलं की कोर्टाची पायरी नको म्हणतो. दुकानदाराच्या नावे न्यायालयाकडून हुकूम काढून आणता येतो. पण त्याला वेळ लागतो, आणि डीव्हीआर तोवर जुनं पुसून नवं भरत राहतो.