अंगवस्त्राआधीचं लुगडं

डिसेंबर उजाडला की पुरवण्यांत एक चित्र हमखास येतं. नऊवारीतली मरियम, मांडीवर बाळ येशू आणि वर मथळा: 'चर्चचं भारतीयीकरण'. चित्र छानच असतं, खटकतो तो मथळा. ख्रिस्ती श्रद्धेला इथलं कापड कुणीतरी हल्ली, ठरवून, वरून नेसवलं, असं तो सुचवतो.

या समजाचा वंशवृक्षही ठरलेला आहे. १६०६ साली मदुराईला पोचलेला आणि भगव्या कफनीत वावरणारा जेझुइट मिशनरी रॉबर्ट डी नोबिली, मग आपले रेव्हरंड टिळक, मग दुसरी व्हॅटिकन परिषद. सगळे पुरुष, आणि बहुतेक धर्मगुरू. डी नोबिलीचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र गाळली जाते. त्याने घेतला तो वेश ब्राह्मण संन्याशाचा. 'खालच्या' म्हटलेल्या जातींसाठी जेझुइटांनी पुढे पंडारस्वामी म्हणून वेगळे धर्मगुरू ठेवले, म्हणजे विटाळ नको. कापडाबरोबर जातही चर्चच्या उंबऱ्याआत आली.

सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं ते १७३६ सालचं फर्मान. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाने, त्या वर्षी ते काढून स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना धोतर नेसायला आणि बायकांना चोळी घालायला मनाई केली. 'बघा, धर्म बदलला आणि पेहराव हिसकावला' याचा पुरावा म्हणून हे फर्मान फडकवलं जातं. जुलूम होताच, त्यात शंका नाही. पण तारखा पाहा. गोव्यात इन्क्विझिशन आलं १५६० साली. पावणेदोनशे वर्षांनंतरही बंदी घालावी लागते, याचा अर्थ इतकी वर्षं लोक मिस्साला जात होते, मुलांचे बाप्तिस्मे करत होते आणि धोतर-चोळी सोडत नव्हते. त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. ती दिसली अधिकाऱ्यांना. फर्मान जितकं सत्तेबद्दल सांगतं, तितकंच ते न जुमानणाऱ्यांबद्दलही सांगतं.

आणि हे फक्त गोव्यापुरतं नाही. वसईच्या कुपारी ख्रिस्ती बायकांचं लाल लुगडं, मुंबईच्या ईस्ट इंडियन बायकांची चौकड्यांची सुती लुगडी, गोव्यातल्या कुणबी बायकांची खांद्यावर गाठ मारून नेसलेली लाल साडी. हे कापड वाडीत चिखल तुडवायचं आणि देवळात, म्हणजे चर्चमध्येही जायचं. त्यामागे धर्मशास्त्र नव्हतं, पण त्यामुळे ते कमी ख्रिस्ती ठरत नाही.

मग आलं १९६९. रोमने भारतासाठी बारा सवलती मंजूर केल्या: बूट काढून जमिनीवर बसणं, समई, पंचांग प्रणाम, आणि पाद्र्यांसाठी झग्यावर अंगवस्त्र. पाऊल चांगलंच होतं, पण हात गेला तो पुन्हा वरच्या जातींच्याच फळीवर. समोर बाकांवर लाल लुगडी बसलेली असताना 'भारतीय' म्हणून निवडलं गेलं ते अंगवस्त्र. पुढे १९८१ साली बंगळूरमध्ये धर्मशास्त्री अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती विचारातल्या ब्राह्मणी वळणावर बोट ठेवलं, त्यानंतर तरी हे लक्षात यायला हवं होतं.

आज ती लुगडी रोजच्या वापरातून जवळपास गेली आहेत. कुणबी साडी डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी फॅशनच्या रंगमंचावर परत आणली, त्यांचे आभार. आता गरज आहे ती नोंदींची: सूत कुठलं, विणकर कोण, नेसायची रीत कशी, कुठल्या सणाला कुठलं लुगडं. वसईपासून गोव्यातल्या सासष्टीपर्यंत प्रत्येक पॅरिशने हे आपल्या आज्यांकडून यंदाच लिहून घ्यावं.