शेवटची सोळा पानं

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कर्जतहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये पाच जण रोज समोरासमोर बसायचे. गाडी कर्जतचीच, त्यामुळे जागेची मारामारी नव्हती. नोकऱ्या वेगळ्या, वयं वेगळी, उतरायची स्टेशनंही वेगळी. पण पाचही जणांना रहस्यकथांचं वेड होतं.

एक होते मास्तर. ते बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची घरची माणसं. बाबूरावांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, आणि या माणसाने हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली, हे मास्तर दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवायचे. दुसरा अंबरनाथच्या कारखान्यातला फिटर. त्याला गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप लागायचा. कॉलेजात जाणारा एक मुलगा होता, तो सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंदवर जीव टाकायचा. पोस्टातले नाना डिक्शनरी मांडीवर घेऊन अगाथा ख्रिस्ती वाचायचे. बर्फात अडकलेल्या आगगाडीतल्या खुनाची तिची 1934 सालची कादंबरी त्यांनी तेव्हा नुकतीच संपवली होती. पाचवा खोपोलीचा कारकून. तो खोपोलीहून शटलने कर्जतला यायचा आणि गाडी बदलून फोर्टातल्या ऑफिसात जायचा. त्याची अशी आवडनिवड नव्हती. तो सगळंच वाचायचा.

गाडी हलली की मास्तर विचारायचे, "हं, काय चाललंय सध्या?" मग प्रत्येकाने आपलं पुस्तक सांगायचं. कोण मेलं, कुठे मेलं, संशय कुणाकुणावर आहे, सगळं सांगायचं. शेवट तेवढा सांगायचा नाही. हा नियम एवढा कडक होता की कॉलेजातल्या मुलाच्या तोंडून एकदा खुन्याचं नाव निसटलं, तेव्हा त्याला आठवडाभर चहा पाजावा लागला. (नानांच्या त्या कादंबरीचा शेवट मीही इथे सांगत नाही.)

पुस्तकं बहुतेक स्टेशनाजवळच्या वाचनालयातली असायची. पातळ, पिना मारलेली, खळीने चिकटवलेली. दहा हातांतून फिरली की मागचा फॉर्म सुटायचा आणि शेवटची सोळा पानं कुठेतरी गळून पडायची. पाचही जणांच्या वाट्याला अशी पुस्तकं आली होती. खुनी कोण ते न कळता पुस्तक परत करायचं, यासारखं दुःख नाही, असं मास्तर म्हणायचे.

उन्हाळ्यात त्या डब्यात करवंदं विकायला एक पोरगा यायचा. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला, बारा-तेरा वर्षांचा. पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं भरून द्यायचा. गिऱ्हाईक नसलं की टोपली वरच्या फळीवर ठेवून दाराशी उभा राहायचा आणि या पाचांच्या हातातल्या पुस्तकांच्या चित्रांकडे टक लावून बघायचा. नेरळ आलं की उतरायचा.

मे महिन्याच्या शेवटी एके दिवशी कारकुनाचं पुस्तक हरवलं. जुना काळापहाड, वाचनालयात त्याची एकच प्रत होती, आणि आता नंबर मास्तरांचा होता. बदलापूर यायच्या आधी कारकून फळीकडे हात करतो, तर पुस्तक नाही. "इथेच ठेवलं होतं," तो म्हणाला. "कर्जतला चढल्या चढल्या ठेवलं."

मग काय, पाच गुप्तहेर कामाला लागले. फिटर सीटवर चढला. फळीवर त्याला जांभळा डाग सापडला. बोट फिरवून त्याने वास घेतला. करवंदाचा रस. शेजारी पळसाच्या पानाचा तुकडाही होता. कॉलेजातल्या मुलाने वेळेचा हिशोब मांडला: भिवपुरी सुटल्यावर पोराने फळीवरून टोपली काढली आणि नेरळला तो घाईने उतरला. नाना म्हणाले, हेतू तर उघडच आहे, रोज पुस्तकांकडे बघत असतो. मास्तरांनी सगळे धागे एकत्र जुळवले. बदलापूर गेलं तेव्हा प्रकरण सुटलं होतं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी पाचही जण खुशीत होते. इतकी वर्षं नुसतं वाचलेलं आज हातून घडलं होतं. पुस्तक गेल्याचं वाईट कुणालाच वाटलं नाही. पोरगा टोपली रोज त्याच फळीवर ठेवतो, तेव्हा डाग तिथे रोजच पडत असणार, हेही कुणाच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगा टोपली घेऊन चढला. फिटरने त्याचं मनगट धरलं.

"पुस्तक कुठाय?"

"कुठला पुस्तक, शेठ?"

"काल फळीवरून उचललंस ते."

"मी नाय घेतला."

फिटरने टोपली उपडी केली. करवंदं सीटखाली गडगडत गेली. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत, सुतळीने बांधलेला छापील पानांचा गठ्ठा निघाला. डबा उभा राहिला. कुणीतरी "सापडलं!" म्हणून ओरडलं. मास्तरांनी गठ्ठा हातात घेऊन सुतळी सोडली. कुठे 113 ते 128, कुठे 97 ते 112. वेगवेगळ्या पुस्तकांची शेवटची पानं होती ती. कागद निराळे, आकार निराळे. काळापहाड त्यात कुठेच नव्हता.

"खाली पडलेली गोळा केली," पोरगा म्हणाला. "पुन्याची मेल थांबते ना, तिथं पन पडतात."

त्यात खोटं काही नव्हतं. बोरघाट चढायला मागून इंजिन लावतात म्हणून पुण्याकडे जाणारी मेल कर्जतला थांबते, आणि थांबते म्हणूनच कर्जतच्या फलाटावरचा बटाटेवडा एवढा खपतो. वडा संपला की कागद खाली, आणि वाचून झालेलं पुस्तकही खाली. मास्तरांना ही पानं आपल्या पुस्तकाची नाहीत हे कळलं होतं. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पोराला सवयच आहे!" डब्यातले लोक हसले. मास्तर गप्प बसले. फिटरने त्यांच्या हातून गठ्ठा घेतला आणि खिडकीबाहेर भिरकावला.

पोरगा रडला नाही. भिवपुरीला रिकामी टोपली घेऊन उतरला. त्यानंतर तो त्या डब्यात दिसला नाही.

आठेक दिवस गेले. खोपोलीला कारकुनाच्या घरी रात्रीची जेवणं झाली होती. त्याची म्हातारी आई देवघरापाशी बसली होती. तिने पोथीखालून एक पुस्तक काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"हे घे, देऊन टाक आता. झालं माझं."

काळापहाड. कारकून बघतच राहिला.

"हे तुझ्याकडे कसं?"

"तुझ्या पिशवीतून काढून घेतलं होतं. नेहमीच घेते. तू रात्री झोपलास की वाचते, सकाळी परत ठेवते. या खेपेला डोळ्यांनी साथ दिली नाही, म्हणून राहून गेलं. खुनी कळल्याशिवाय कसं देणार?"

"अगं, आठ दिवस आम्ही शोधतोय! बोलली का नाहीस?"

"मला विचारलं का कुणी?"

खरंच, तिला कुणी विचारलं नव्हतं. आपली आई रहस्यकथा वाचते हेही कारकुनाला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. आणि पुस्तक फळीवर ठेवल्याचं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं ते एवढ्याचसाठी की तो रोज ठेवायचा. त्या दिवशी पिशवी उघडून त्याने बघितलंच नव्हतं.

सकाळी तो शटलमध्ये बसला. पुस्तक पिशवीत होतं. लौजी गेलं. त्याला वाटलं, संध्याकाळी गुपचूप वाचनालयात देऊन टाकावं, कुणाला कळणार? डोळवली गेलं. वाटलं, सीटखाली सापडलं असं सांगावं. केळवली गेलं. पोरगा तर आता येतही नाही, उगाच जुनं कशाला उकरायचं? पळसदरी आली आणि शटल थोडा वेळ थांबली. खिडकीतून धरणाच्या बाजूची हिरवी टेकडी दिसत होती. कारकुनाच्या कानात आईचं एकच वाक्य घुमत होतं. विचारलं का कुणी?

कर्जतला गाडी बदलून तो जागेवर आला. मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "हं, काय चाललंय सध्या?" कारकुनाने पिशवीतून काळापहाड काढला, चौघांच्या मध्ये सीटवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

नेरळपर्यंत कुणी बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, "ती पानं आपल्या पुस्तकाची नाहीत, हे मला तेव्हाच कळलं होतं." फिटर खिडकीबाहेर बघत बसला.

त्यांनी पोराला शोधलं. त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या आणि नेरळ स्टेशनाबाहेर ठाकर बाया शेवळं घेऊन बसू लागल्या. विचारत विचारत ते एका बाईपाशी पोचले. पोरगा तिचाच होता. शाळा सुरू झाल्यामुळे आश्रमशाळेत परत गेला होता. नाना सांगू लागले की आमचं चुकलं, पुस्तक घरीच सापडलं. बाईने शेवळांची जुडी बांधता बांधता ऐकून घेतलं.

"मला काय सांगता शेठ?" ती म्हणाली. "ज्याला बोललात त्याला सांगा."

रविवारी पाचही जण एसटीने फाट्यापर्यंत गेले आणि पुढे चिखल तुडवत आश्रमशाळेत पोचले. गुरुजींनी पोराला एका बाजूला बोलवायची तयारी दाखवली. फिटर नको म्हणाला. "आम्ही त्याला भरल्या डब्यात चोर म्हटलं," तो म्हणाला, "तेव्हा बोलायचं तेही सगळ्यांसमोर." पोरं ओट्यावर जमली. फिटरने हात जोडले आणि म्हणाला, "यानं काही घेतलं नव्हतं. आम्ही न विचारता याला चोर ठरवलं. याची पानं मी फेकली. चूक माझी." मास्तरांनीही आपली चूक सांगितली. गप्प बसल्याची.

पोरगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा होता. त्यांनी त्याच्यासाठी धनंजय-छोटूचं एक अख्खं पुस्तक आणलं होतं. त्याने ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा मागची पानं तपासली. मग पुढची उघडली.

"काका," तो मास्तरांना म्हणाला, "एक इचारू? माझ्याकडं शेवट होता. धनंजय छोटूला सगळं सांगतो, दिवाणजीनं कसा मारला ते. पन मेला कोन तेच त्यात नव्हता."

मास्तरांनी ते पुस्तक दोन वर्षांपूर्वी वाचलं होतं. त्यांच्या प्रतीत शेवटची सोळा पानं नव्हती. नियम मोडून पोराने त्यांना खुनी सांगून टाकला होता! मास्तर ओट्यावर बसले आणि त्याला सुरुवात सांगू लागले. वीस-पंचवीस पोरं भोवती दाटीने बसली. पाऊस वाढला, तरी कुणी उठलं नाही.

रहस्यकथा वाचणाऱ्याला एक गोष्ट पाठ असते. पहिल्या प्रकरणात ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात, तो गुन्हेगार नसतो. म्हणून वाचक घाई करत नाही, माळ्यावर नाही, गड्यावर नाही, शेवटच्या पानापर्यंत कुणावरच शिक्का मारत नाही. हे पाचही जण त्यात मुरलेले होते. पण समोर टोपलीवाला पोरगा आला, आणि ज्यांनी कारकुनाला "पिशवी बघितलीस का?" एवढंही विचारलं नव्हतं, त्यांनी पोराची टोपली उपडी केली. कागदावरच्या माणसाला जेवढा धीर दाखवतो, तेवढा समोर उभ्या असलेल्या गरिबाला दाखवणं त्यांना जमलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पोरगा पुन्हा डब्यात आला. टोपली फळीवर आणि तो मास्तरांच्या शेजारी. "काय चाललंय सध्या?" हा प्रश्न आता त्यालाही विचारला जाऊ लागला. खोपोलीहून कारकून दोन मतं आणू लागला, एक स्वतःचं आणि एक आईचं.

काळापहाड वाचनालयात परत गेला तेव्हा मुदत उलटून महिना झाला होता. दंड कारकुनाच्या आईने भरला.